लाभ सोडून चाळीस

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३

पोहोचलो एकदाचे. दहिवडीपासून बैलगाडीनं आठ मैल. वाटेत दोनदा चाक निखळलं, पण आमच्या तोंडावरचं हसू काही निखळलं नाही. मनुबाई, म्हणजे आमची कारभारीण, अंथरुणाच्या वळकटीवर बसून आणि मांडीत चटणीचं मडकं धरून आली. गाडी भरावावर चढली, समोर हिवरतळ्याचं पाणी पसरलेलं दिसलं, आणि ती वळकटीवरून अर्धी उठली. तिच्या डोळ्यांत पडदा आलाय, लांबचं सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. पण पाणी दिसलं. माणदेशातल्या बाईला पाणी डोळ्यांनी नाही, काळजानं दिसतं.

चपला हातात घेऊन उतरली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. तीस वर्षं दीड मैलावरच्या विहिरीतून दोन घागरी आणणारी बाई ती. मला म्हणाली, "आवं, ह्ये समदं आपलं?" म्हटलं, सरकारचं आहे, आपण नुसतं राखायचं. तर म्हणते, "राखतो त्येचंच आसतंय."

मी आकाराम. वय साठाला दोन कमी. एकतीस वर्षं कराडकडच्या रस्त्यावर मैलकुली होतो. खड्डे बुजवले, झाडांना पाणी घातलं, मैलांच्या दगडांना चुना फासला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकलो ती त्या दगडांवरून. 'सातारा ३८' मधला 'सा' हे माझं पहिलं अक्षर, आणि आकडे तर मला माझ्या बोटांसारखे. लिहिणं गंजू नये म्हणून ही वही घातली आहे. इथला तलाव संस्थानच्या वेळचा. पूर्वी बडे लोक शिकारीला यायचे. आता शिकार बंद, पाखरांना राखीव अशी पाटी लागली आहे. मी त्याचा राखणदार. दोन खोल्यांची दगडी चौकी, दारात हिवराचं झाड. आम्हाला मूलबाळ नाही. दोघांना एवढं पुष्कळ झालं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जुना राखणदार नाथाजी आज काम सोपवून गेला. बावीस वर्षं इथं काढली. आता लेकीकडे इस्लामपूरला राहणार. काम सगळं हिंडून दाखवलं. भरावाच्या दगडांत खेकडे बिळं करतात, ती चिखल-मुरूम ठासून रोज बुजवायची. मोरीच्या, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराच्या, दांड्याला पंधरा दिवसांनी तेल. सांडव्यावरचा लव्हाळा वाढू द्यायचा नाही, पण काठचं उंच रामबाण गवत सगळं कापायचंही नाही, त्यात पाणकोंबड्या अंडी घालतात. पाण्यातल्या दगडी खांबावर फुटांच्या खुणा आहेत, त्या बघून पातळी लिहायची.

आणि रोज भर दुपारी बाराला मोजणी. चौकीसमोर पाण्यात उथळ चिखलाचा लांबलचक ओटा आहे. दुपारी उंच पायांची पाखरं, म्हणजे बगळे, चमचे, करकोचे, त्यावर ओळीनं उभी राहून डुलक्या घेतात. ती मोजायची, वहीत भरायची. बदकं अंदाजानं लिहिली तरी चालतात.

ओट्याच्या डाव्या टोकाला वाळलेल्या बाभळीचं खोड आहे. त्याला चिकटून एक राखी बगळा उभा होता, मान खांद्यात घालून. नाथाजीनं मोजायला सुरुवात केली ती त्याच्यापासून, पण 'एक' म्हणाला नाही. खळ्यावर धान्याची रास मापताना पहिल्या मापाला आपण 'लाभ' म्हणतो ना, तसा तो 'लाभ' म्हणाला आणि पुढं दोन, तीन. वहीतही बावीस वर्षं असंच लिहिलेलं: 'लाभ सोडून छत्तीस', 'लाभ सोडून बावन्न'.

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "गड्या, समदं इसर, पर त्या पयल्याला आकडा घालू नगंस. त्यो आपल्या मोजणीतला न्हाई." का, म्हणून विचारलं तर तंबाखू मळत बसला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

करकोचे आले! सकाळी आभाळातून कर्र कर्र ऐकू आलं, वर बघतो तर बाणासारखी रांग. चौदा उतरले. दोन चमचे पण आहेत, चोच खरंच डावासारखी. मनुबाईला तोंडानं सांगावं लागतं, ती हसून ऐकते. तिनं चौकीमागं मेथी लावली, एक शेळी घेतली. पाण्यावर जाताना गाणं म्हणते. हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

खेकड्यांची अकरा बिळं बुजवली. मोजणी नाथाजीच्या रीतीनंच करतो. जाताना त्यानं हात धरला होता, तेवढ्याला मान द्यायचा. आज लाभ सोडून एकोणचाळीस.

एक गंमत आहे. घार आली की ओट्यावरची सगळी पाखरं उठतात. तो राखी बगळा उठत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

साहेब तपासणीला आले, जीपमधून. माणूस तरुण, स्वभावानं चांगला. भराव बघून खूश झाले. मोजणीची वही उघडली आणि चष्मा वर केला. मला म्हणाले, "आकाराम, हा लाभ कुठला पक्षी? देशी का परदेशी?" बरोबरचा शिपाई फिदीफिदी हसला. मी रीत समजावून सांगितली. साहेब म्हणाले, धान्य मापायला आपण बसलेलो नाही, जे आहे ते सगळं वहीत आलं पाहिजे, एकापासून. आणि वर, "एवढा मैलांच्या दगडांवर शिकलेला माणूस तुम्ही, पहिल्या दगडावर 'लाभ' लिहायचात काय?"

मला ते लागलं. खरं सांगायचं तर मनातून पटलंही. आकडा म्हणजे आकडा.

मनुबाईला सांगितलं तर चुलीपुढं तिचा हात थांबला. तिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या खळ्यावर मापं भरली. ती म्हणाली, "पयलं माप जिमिनीचं आसतंय. त्ये आपलं म्हनून मोजलं तर रास पुरी पडत न्हाई." बाईमाणसांचं असतं काहीतरी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज रीतीप्रमाणे, म्हणजे खऱ्या रीतीप्रमाणे मोजलं. मोठ्यानं 'एक' म्हटलं आणि बोट त्या राखी बगळ्याकडे केलं.

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

तीन आठवड्यांत तो हललेला मी पाहिला नव्हता. बरं वाटलं, म्हटलं जिवंत आहे तर! एकूण एक्केचाळीस. वहीत ठळक लिहिलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

एक्केचाळीस. काल एक्केचाळीस, परवाही. आधी रोज कमीजास्त व्हायचे. सहा करकोचे मंगळवारी जतच्या बाजूला उडून गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि दुपारी मोजले तर सहा बगळे नवे येऊन ओट्यावर उभे. पाखरांचं काय सांगावं!

राखी बगळा खोडापासून सुटला आहे. दहा-बारा हात चौकीच्या बाजूला सरकलाय. चालताना मात्र दिसत नाही.

शनिवार, २८ डिसेंबर

धुळा धनगर आज मेंढरं पाण्यावर घेऊन आला. म्हातारा गमत्या आहे. मला 'पाखरांचा पाटील' म्हणतो. भाकरी खात आम्ही भरावावर बसलो. बारा वाजले तशी मी मोजणी केली, एक्केचाळीस आले, वही मिटली. आणि मग लक्षात आलं. त्यातलं एक पाखरू नव्हतं. तिसाव्या जागेवर एक मेंढी उभी होती. पोटाएवढ्या पाण्यात, ओळीत, एक पाय वर उचलून. मी ती मोजली होती. न अडखळता.

धुळाला दाखवलं. तो हाका मारत, शीळ घालत धावला. तिनं कान हलवला नाही. मग त्यानं मला विचारलं, मी काय करत होतो. मोजत होतो म्हटलं. कुठनं धरलं, म्हणाला. एकापासून.

त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "आवं, आमी जनावरं कवा येकापासनं मोजत न्हाई. पयलं द्येवाचं, मग आपलं. काय क्येलंसा ह्ये?" मेंढी तिथंच सोडून कळप हाकत निघाला. मी म्हटलं, अरे ओढून देतो तुझी मेंढी. तर मागं न बघता बोलला, "ती आता माजी न्हाई. तुमच्या वहीतली हाय."

मंगळवार, १४ जानेवारी १९६४

संक्रांत. मनुबाईनं तिळगूळ केला, पाण्यालाही एक कण सोडला.

मेंढी अजून उभी आहे. सतरा दिवस. ना चारा, ना बसणं. मेली म्हणावी तर डोळा मिचकावते. शेवटी आज मी पाण्यात शिरून तिच्या गळ्यात दावं घातलं. ओढताना जोर लागला नाही, शहाण्या लेकरासारखी मागनं आली. काठावर येताच थरथरली, ओरडली, आणि धुळाच्या वाटेनं सुसाट पळाली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच टाळ्या पिटल्या.

दोन वाजता आमची शेळी दाव्यासकट गायब. ओट्यावर तिसाव्या जागेवर उभी होती.

बुधवार, १५ जानेवारी

नीट विचार करून लिहितो. पाखरू गेलं की जागा रिकामी पडते. रिकामी जागा दुपारच्या आत भरते. एक बाहेर काढलं तर दुसरं आत जातं. आकडा हलत नाही. मी ठळक लिहिला तोच आकडा आहे.

शेळी काढली नाही. मनुबाईला सांगितलं की लांडग्यानं नेली. तिला ओट्यापर्यंतचं दिसत नाही हे देवाचे उपकारच.

सोमवार, २७ जानेवारी

राखी बगळा आता मोरीपाशी आहे, चौकीपासून चाळीस पावलांवर. आज जवळून बघितला.

बगळ्याचा गुडघा मागं मोडतो. ह्याचा पुढं मोडतो.

अंगावर पिसं म्हणून जे वाटायचं ते पिसं नाहीत. जुन्या, पाण्यात कुजलेल्या कापडाचे पदर आहेत. तो मोरीच्या खांबावरच्या फुटांच्या खुणांकडे मान तिरकी करून बघत होता. मी रोज बघतो तशीच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मोजणी बंद केली. दहा दिवस वही उघडली नाही, दुपारी ओट्याकडे पाठ करून बसलो. उपयोग नाही. एकतीस वर्षं दगड मोजलेली नजर. जित्याची खोड. नुसतं वळून पाहिलं तरी डोळे आपले आपण चालतात आणि एक्केचाळीसवर थांबतात. मोजणीच्या वहीतलं सहा डिसेंबरचं पान फाडून चुलीत घातलं. आकडा चुलीत गेला नाही.

करकोचे परतीला लागलेत. इतर वर्षी म्हणे ते जाताना वाईट वाटतं. मला रोज किती गेले याची धडकी भरते.

आज ओट्यावर पाखरं सव्वीस. बाकीचं काय उभं आहे ते लिहीत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

राहीबाई लव्हाळा न्यायला येते, पलीकडच्या वस्तीवरची. हसरी, तोंडाळ बाई. मनुबाईला रोज टोमणा मारते की तुझ्या म्हाताऱ्यानं पाखरांशी दुसरं लगीन लावलंय.

आज बाराला ती ओट्यावर उभी होती. गुडघाभर पाण्यात, विळा हातात, एक पाय उचललेला.

माणूस.

धावलो, दंडाला धरून काढली. काठावर येताच तिनं डोळे चोळले, माझ्या हाताकडं पाहून म्हणाली, "आरं द्येवा, म्हातारपनी ह्ये काय सुचलंय तुमास्नी?" आणि हसत निघून गेली. तिला काही आठवत नव्हतं. मी हसू शकलो नाही. जागा रिकामी झाली होती आणि चौकीत मनुबाई एकटी होती.

पळत गेलो. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. विचारलं तर म्हणाली, कुठं गेलेच नाही मी.

ती जागा वस्तीवरच्या कुत्र्यानं भरली. मला हायसं वाटलं. दुसऱ्याच्या मुक्या जिवावर मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मनुबाईला दहिवडीला भावाकडे पोचवून आलो. होळी तिकडंच कर म्हटलं. रुसली. मेथी कोण बघणार, म्हणाली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

ती परत आली. आठ मैल उन्हातनं, चालत, अनवाणी. चौकीकडे आलीच नाही, भराव उतरून सरळ पाण्याकडे निघाली होती. मी आडवा झालो. डोळे उघडे, ओळख नाही. पदर ओढला तशी जागी झाली आणि रडायला लागली. आपण कशी आलो तेच तिला कळेना.

आठ मैल लांब ठेवूनही भागत नाही. ती इथं राहिली, तिनं हे पाणी आपलं म्हटलं. बहुतेक तेवढं पुरतं.

शनिवार, २९ फेब्रुवारी

दोघं एस.टी.नं इस्लामपूरला नाथाजीकडे गेलो. सगळ्या वाटेत तिचा हात सोडला नाही. लोक बघून हसत होते, हसू देत.

नाथाजीनं मला बाहेर कडुनिंबाखाली नेलं. ऐकता ऐकता कपाळ धरलं. सांगितलं ते असं. तो पहिला होता म्हणून बाकीच्यांना उभं राहावं लागत नव्हतं. तो पाण्याचा वाटा. त्याला नाव नाही, आकडा नाही, म्हणून तो जागचा हलत नव्हता. मी त्याला 'एक' म्हटलं. मोजला, म्हणजे तो चारचौघांतला झाला, सुटला. आता लाभाची जागा रिकामी आहे आणि पाणी आकडा धरून बसलंय, ती भरेपर्यंत.

कशी भरते, विचारलं. म्हणाला, कुणीतरी समजून-उमजून खोडापाशी उभं राहायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी काठावरून लाभापासून मोजायचं, शेवटच्यापर्यंत. मग जे ते मोकळं.

मी म्हटलं, तो राखी कोण होता?

नाथाजीनं हातातली तंबाखूची चिमूट टाकून दिली. मग म्हणाला, "माज्या आदीचा राखनदार. संस्थानी कारकून व्हता. मोजणीला लय पक्का."

सोमवार, २ मार्च

परत आलो. न येऊन चालत नाही. गाडीत बाराच्या सुमाराला ती उठून चालू लागली होती, धावत्या गाडीत.

पाखरं अठरा.

तो आता चौकीच्या दारात हिवराखाली उभा असतो. आत येत नाही. वाट बघितल्यासारखा. मला त्याची भीती वाटत नाही, हे नवीनच. त्याचे पाय बघून कीव येते.

मंगळवार, ३ मार्च

नाथाजीला म्हटलं होतं तू येऊन मोज. त्याला आता उठवत नाही. धुळा मुलूख सोडून गेला. राहीबाईला सांगितलं तर म्हणाली, उन्हं लागली तुम्हाला, ताक प्या.

मोजणारं एकच माणूस उरलं. तिला विसाच्या पुढं आकडे येत नाहीत. पण वीस झाले की बोटाला दोरा बांधून पुन्हा वीस मोजते. दोन विसा आणि एक. येईल तिला.

फक्त पहिला कोण आहे ते तिला कळता कामा नये. कळलं तर मोजणार नाही. ती आधी माझ्या जागी उभी राहील, मला माहीत आहे ना ती.

बुधवार, ४ मार्च

भरावाची सगळी बिळं बुजवली. मोरीला तेल दिलं. मेथीला पाणी घातलं. तिच्या भावाला निरोप धाडला, उद्या दुपारनंतर गाडी घेऊन ये म्हणून.

संध्याकाळी तिला विचारलं, इथं आल्याचं बरं वाटलं का. म्हणाली, "पानी बगितलं की. आजून काय?"

गुरुवार, ५ मार्च

सकाळ. मोजणीच्या वहीवर पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलं आहे: पहिल्याला लाभ म्हणावं. साहेब रागावले तरी म्हणावं.

अकरा वाजता — ती नाही. चुलीवर भाकरी करपलेली.

ओट्यावर होती. ओळीतल्या एका जागेवर. लुगड्याचा काठ पाण्यात. पाय वर —

काढली. छातीशी धरली. 'आवं, भाकरी' म्हणाली पहिल्यांदा. माझी मनुबाई.

जागा रिकामी आहे. वेळ थोडा. काही भरायच्या आत —

भरावावर बसवली. म्हटलं, साहेबांना आजचा आकडा हवाय, मला सांडव्याकडं काम आहे, तू मोज. खळ्यावर मापतेस तसं. बाभळीच्या खोडापाशी राखी दिसतंय तिथनं धर. म्हणाली, मला नीट दिसत नाही. म्हटलं, ठिपके दिसले तरी पुरे.

करडं घोंगडं पांघरून घेतलं आहे. उन्हाचं. ती बोलली, "ह्या उन्हात घोंगडं? याड लागलंय." पदरानं माझ्या कपाळाचा घाम पुसला.

रामबाणातून आलो. तिला दिसलो नाही.

वाटेत तो राखी भेटला. मोरीपाशी पाण्यातून बाहेर पडला, गवतावर पाय पुसले, एक, मग दुसरा. आणि भरावावरून निघून गेला, पाळी संपलेल्या माणसासारखा. मागं वळला नाही.

खोडापाशी उभा आहे. वही खोडावर ठेवून लिहितो. पाणी घोट्याला आहे. वाटलं होतं तेवढं गार नाही.

तिचा आवाज येतोय. खणखणीत आहे —

लाभ.

दोन — तीन —

उजवा पाय आपोआप उचलला. मी उचलला नाही.

बारा — तेरा — कुत्रं पाण्यातून उठलं, अंग झाडलं. मेंढी एक — शेळी, आमची शेळी —

वीस. दोरा बांधत असेल. मान खांद्यात जाते आहे. अक्षर नीट येत नाही —

सतरा अठरा — सगळी निघाली काठाकडं — ओरडतात किती — नुसते बगळे राहिले —

दोन विसा. आणि एक.

झालं. बरोबर मोजलंस गं.

हाक मारतेय. 'आवं, झालं मोजून. कुटं हायसा?' पुन्हा. 'आवं —' पाण्यापर्यंत आली, पण पाण्यात नाही. पाण्यात नाही. पाय कोरडे आहेत तिचे. इकडंच बघते आहे आणि —

ओ द्यावी वाटते. तोंड उघडलं तर